न्यूरोच्या वाटेवर फक्त सर्जन नसतात

दहावीचा निकाल लागला की तासगावातल्या पालकांकडून एक प्रश्न हमखास येतो. पोरीला मेंदूचं फार आवडतं, सारखी त्याचेच व्हिडिओ बघत असते, तर मग न्यूरोसर्जनच करायचं ना? वडिलांच्या डोक्यात तोवर कोणती बाग मोकळी करायची, याचा हिशेब सुरू झालेला असतो. आई बराच वेळ गप्प असते आणि शेवटी एवढंच विचारते, ‘‘किती वर्षं लागतील?’’

आईचा प्रश्न जास्त कामाचा आहे, म्हणून आधी त्याचं उत्तर. ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा देऊन एमबीबीएस, इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं. पुन्हा प्रवेश परीक्षा, मग एमडी किंवा एमएसची तीन वर्षं. त्यानंतर आणखी एक परीक्षा आणि डीएम (न्यूरॉलॉजी) किंवा एमसीएच (न्यूरोसर्जरी) तीन वर्षं. एकही वर्ष वाया न जाता साडेअकरा. सरकारी कॉलेजातून शिकलात तर बंधपत्राची सेवाही त्यात धरा. अठराव्या वर्षी आत गेलेलं पोर तिशी गाठून बाहेर पडतं. ज्यांना हे झेपतं त्यांनी जरूर जावं. मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1962 पासून आहे, तासगावहून रोज ये-जा करता येईल इतक्या अंतरावर. पण चेतासंस्थेचं काम म्हणजे फक्त कवटी उघडणं, हा समज घेऊन कुणी अकरावीला बसू नये. आपल्या तालुक्याला शस्त्रक्रियेनंतरचे महिने सांभाळणारी माणसं कमी पडतात, आणि त्या कामाची नावंसुद्धा पालकांना ठाऊक नसतात.

मुलाला हा विषय खरंच आवडतो का, हे तपासायला लॅब लागत नाही, द्राक्षबाग पुरते. उडद्या किंवा मिलीबगसाठी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं औषध तोंडाला फडकंही न बांधता मारलं, की कधी कधी मारणाऱ्याच्या तोंडाला लाळ सुटते, दरदरून घाम येतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, दंडाचे स्नायू आपोआप थरथरतात. असं का होतं? चेतातंतूचं टोक आणि स्नायू यांच्यामध्ये सूक्ष्म फट असते. संदेश पुढे जायचा तर टोकाकडून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन त्या फटीत सोडलं जातं. काम झालं की एक विकर त्याचे लगेच तुकडे करतं आणि फट मोकळी होते. औषध या विकरालाच बांधून टाकतं. मग रसायन फटीत साचतं आणि स्नायूला, ग्रंथीला हुकूम मिळतच राहतो. दवाखान्यात अशा रुग्णाला ॲट्रोपीन देतात ते लाळ, घाम आणि छातीतला चिकट स्राव आटोक्यात आणायला.

आता गंमत बघा. नाग चावला तर विष स्नायूच्या बाजूची, ॲसिटिलकोलीन झेलणारी जागाच अडवतं. पापण्या मिटायला लागतात, श्वास अडतो. अशा वेळी सर्पदंशाच्या लसीच्या जोडीनं डॉक्टर निओस्टिग्मीन देतात. हे औषध काय करतं? बागेतल्या त्या विषानं जे केलं तेच, पण मोजूनमापून. विकर थोडा वेळ रोखतं, म्हणजे फटीत रसायन वाढतं आणि अडवलेल्या जागेवर पुन्हा हक्क सांगतं. मण्यार चावली तर मात्र या औषधाचा फारसा उपयोग होत नाही, कारण तिचं विष मुख्यतः तंतूच्या टोकालाच निकामी करतं. जिथून रसायन सुटायचं तीच जागा बंद, तर वाढवणार काय?

हे वाचून मुलानं ‘‘मग मण्यारीच्या रुग्णाला वाचवतात कसं?’’ असं विचारलं, तर समजा की विषय त्याच्या अंगात मुरणार आहे. (व्हेंटिलेटरवर ठेवून, टोकं पुन्हा कामाला लागेपर्यंत थांबून.) ‘‘यावर किती मार्कांचे प्रश्न येतात?’’ असं विचारलं, तरी रागावू नका. नीटच्या 720 गुणांपैकी 360 जीवशास्त्राचे आहेत, प्रश्न रास्तच आहे. फक्त एक लक्षात ठेवा. आपल्या बोर्डाच्या पुस्तकात चेतासंस्थेचं प्रकरण बारावीला येतं आणि एनसीईआरटीत अकरावीला. बारावीत गेल्यावर बघू म्हणणारे इथंच मागे पडतात.

मोठ्या शहरात गेल्याशिवाय या क्षेत्रात नाव होत नाही असं वाटणाऱ्यांसाठी डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं उदाहरण द्यायला हवं. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यांच्यापुढं कोकणातल्या लाल विंचवाचे रुग्ण यायचे. विंचवाचं विष स्वायत्त चेतासंस्थेला, म्हणजे हृदयाचे ठोके, रक्तदाब, घाम सांभाळणाऱ्या यंत्रणेला बेफाम उधळतं. हृदय थकतं, फुप्फुसात पाणी होतं. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या. 1982 मध्ये त्यांचं निरीक्षण ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि 1986 मध्ये पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह प्राझोसिन या औषधाच्या वापराबद्दल त्यांनी तिथंच लिहिलं. रक्तदाबासाठी असलेल्या त्या साध्या गोळीनं विंचूदंशाचे मृत्यू खूपच कमी केले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ते न्यूरॉलॉजिस्ट नव्हते.

आता कमी पडणाऱ्या माणसांकडे येऊ. गावाकडं म्हणतात तसं अंगावरून वारं गेलं, तर मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तेवढ्या वेळेत मिरज-सांगली गाठता येते. पण घरी परतल्यावर? उजवी बाजू लुळी पडलेला माणूस कॉटवर असतो. भाऊबंद मायेनं उठवायला जातात आणि नेमका तोच लुळा हात धरून ओढतात. खांदा सांध्यातून खाली सरकतो आणि पुढचे कित्येक महिने दुखत राहतो. हात कुठं धरायचा, कुशीवर कसं वळवायचं, पहिलं पाऊल केव्हा टाकायचं, हे फिजिओथेरपिस्ट शिकवतो. शर्टाची बटणं लावण्यापासून गिरवायला लावतो तो ऑक्युपेशनल थेरपिस्ट. आणि डाव्या मेंदूला इजा होऊन वाचा गेलेल्यांसाठी स्पीच थेरपिस्ट. हा माणूस फक्त बोलायला शिकवतो असं समजू नका. पाण्याचा घोट गिळताना ठसका लागतोय का, पाणी श्वासनलिकेत उतरतंय का, हेही तोच पाहतो. छातीतल्या संसर्गानं जाणारे कितीतरी रुग्ण इथं वाचू शकतात.

या तिन्ही अभ्यासक्रमांना राज्यात नीटचे गुण लागतात. म्हणजे एमबीबीएससाठी केलेली मेहनत वाया जात नाही, कटऑफ खाली असतो एवढंच. कराडच्या कृष्णा अभिमत विद्यापीठात फिजिओथेरपी आहे, मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत वाचा-श्रवणाचं शिक्षण आहे. एक गोष्ट लपवत नाही, सुरुवातीचा पगार ऐकून वडिलांचा चेहरा पडतो. दोन-तीन वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली काढावी लागतात. त्यानंतर घरोघरी जाऊन उपचार देणाऱ्याला तासगाव, कवठेमहांकाळ, विट्याकडं काम कमी पडणार नाही, असं माझं मत आहे.

हातात कला आहे पण डॉक्टरकीचा धीर नाही, अशा मुलांनी ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख) आणि नर्व्ह कंडक्शनच्या तंत्रज्ञाचं काम बघावं. आकडीच्या रुग्णाला ‘डोक्याला तेल न लावता या’ असं सांगितलेलं असतं. तंत्रज्ञ टेपनं नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत माप घेतो, त्याच्या दहा आणि वीस टक्क्यांवर खुणा करतो आणि तिथंच इलेक्ट्रोड चिकटवतो. खूण चुकली तर आलेख चुकला, आणि पुढं डॉक्टर कितीही मोठा असो, निदान चुकायची भीती. बेंगळुरूच्या निमहान्समध्ये याची स्वतंत्र बीएस्सी आहे. गणित-भौतिकशास्त्र आवडणाऱ्यांना पुण्याचं आयसर किंवा बायोमेडिकल इंजिनिअरिंग मोकळं आहे. तिथूनही मेंदूच्या संशोधनात शिरता येतं.

बोटांचे ठसे घेऊन ‘तुमच्या मुलाचा उजवा मेंदू जास्त चालतो, त्याला कलेकडं घाला’ सांगणाऱ्या डीएमआयटी चाचण्या आता तालुक्याच्या गावांतही पोचल्या आहेत. ठशांवरून मेंदूचा कल कळतो याला शास्त्रीय आधार नाही. ‘मिड-ब्रेन ॲक्टिव्हेशन’ची तीच गत. त्या पैशांत मुलाला मिरजेला घेऊन जा, ओळखीनं परवानगी काढून एखाद्या फिजिओथेरपी ओपीडीत सकाळभर बसवा. चौथा रुग्ण तेच तेच व्यायाम करत असताना मूल मोबाईल काढतं की बघत राहतं, ते पाहा. कुणाचेही ठसे न घेता बरंच कळेल.

आणि फॉर्म भरण्याआधी मान्यता तपासा. फिजिओथेरपी-ऑक्युपेशनल थेरपीसाठी राज्याची परिषद आहे, वाचा-श्रवण आणि क्लिनिकल सायकॉलॉजीसाठी भारतीय पुनर्वास परिषद. तिथं नोंदणी झाल्याशिवाय रुग्ण बघता येत नाही. या शाखांचे नियम सध्या बदलत आहेत, अभ्यासक्रमाची वर्षंही वाढत आहेत, तेव्हा भावकीतल्या कुणी तीन वर्षांपूर्वी घेतलेल्या प्रवेशावर विसंबू नका. कॉलेजनं चालू वर्षाचं मान्यतेचं पत्र दाखवायला टाळाटाळ केली, तर एक रुपयाही भरू नका.