नावेच्या इंजिनाचा आवाज

वाराणसीत मणिकर्णिका आणि पंचगंगा या घाटांच्या दरम्यान, नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधविलेला भोसले घाट आहे. मागील गल्ल्या अरुंद असल्यामुळे मोटार तेथवर पोहोचत नाही. येथील वाहन म्हणजे नाव. आणि वल्ह्यांच्या जोडीला इंजिन आल्यापासून या वाहनाचाही गोंगाट होऊ लागला. २०२१ पासून शहरातील अनेक नावा सीएनजी या वायूवर चालू लागल्या. डिझेलच्या ज्वलनाची ठोकर त्यामुळे गेली, तरी इंजिनाचे कंपन उरलेच.

प्रवासी तासाभरात उतरून जातो. नावाडी मात्र दिवसभर इंजिनाजवळ बसतो. ८५ डेसिबल आवाजात आठ तासांहून अधिक काळ राहू नये, अशी श्रवणतज्ज्ञांची शिफारस आहे. पुढे प्रत्येक ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे ९१ डेसिबलला अवघे दोन तास.

जुन्या मोटारीत यावर एक परिचित उपाय केला जातो. अ‍ॅम्बॅसडरसारख्या गाडीचा तळाचा पत्रा डफाच्या कातड्याप्रमाणे थरथरतो. त्यावर डांबराचा किंवा ब्युटाइल रबराचा, सुमारे दोन मिलिमीटर जाडीचा थर चिकटवला की थरथरीतील ऊर्जा त्या थरात उष्णता होऊन जिरते. सगळा पत्रा मढविण्याचे कारण नसते. बोटाच्या पेराने ठोकून जेथे पत्रा घुमतो तेथेच थर द्यावा. तत्पूर्वी गंज खरवडणे अगत्याचे, नाहीतर ओल थराखाली अडकून पत्रा आतून खाल्ला जातो.

हाच थर नावेच्या लाकडी तळाला लावणे मात्र व्यर्थ होय. जाड फळी मुळातच फारशी घुमत नाही, आणि थराखाली पाणी मुरून ती कुजण्याची भीती असते. नावेत आवाजाच्या वाटा निराळ्या आहेत. पहिली वाट धुराड्याची. तेथे चांगला मफलर हवा. दुसरी इंजिनाच्या बोल्टांची. इंजिन व तुळया यांच्यामध्ये रबरी बैठका बसविल्यास कंपन नावेच्या सांगाड्यात उतरत नाही. हे दोन उपाय स्वस्त असूनही बहुधा विसरले जातात.

यानंतरच इंजिनावरील पेटीचा विचार करावा. पेटी जड असावी आणि फटी बुजवाव्यात. पृष्ठभागाच्या शंभराव्या भागाएवढी उघडी जागा राहिली तरी आवाज २० डेसिबलहून अधिक घटत नाही. आतून खनिज लोकर लावून वर सच्छिद्र पत्रा ठोकावा. फोम वापरू नये. तो तेल पितो आणि पेटतो. इंजिनाला लागणारी हवा अस्तर लावलेल्या वाकड्या नळीतून द्यावी, म्हणजे हवा वळते आणि आवाज अडतो. सीएनजी हवेपेक्षा हलका असल्याने गळती झाल्यास तो पेटीच्या माथ्याशी साचतो. म्हणून दुसरी तशीच नळी माथ्यातून बाहेर काढावी, आणि ती कधीही बुजवू नये.