व्यसनमुक्तीचे निवासी उपचार : स्वरूप आणि मर्यादा

दारूच्या वा अन्य मादक पदार्थांच्या आहारी गेलेल्या माणसाला 'केंद्रात दाखल केले' असे कानावर आले की, ऐकणाऱ्याच्या मनात बहुधा दोनच चित्रे उभी राहतात. एक कुलूपबंद खोलीचे, दुसरे एखाद्या रामबाण इंजेक्शनाचे. दोन्ही चित्रे चुकीची आहेत. त्यांच्यामुळेच कित्येक कुटुंबे उपचाराची वाट धरीत नाहीत, आणि धरली तर भलत्याच दारात जाऊन उभी राहतात. गावात अशी कुटुंबे सल्ला विचारायला प्रथम येतात ती शाळेतील गुरुजींकडे, आरोग्यसेविकेकडे किंवा पंचायतीच्या सदस्याकडे. म्हणून केंद्राच्या आत नेमके काय होते, याची माहिती या मंडळींना असणे अगत्याचे आहे.

प्रश्नाचा आवाका मोठा आहे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या देशव्यापी सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार १० ते ७५ वर्षे वयाच्या सुमारे १६ कोटी व्यक्ती मद्यपान करतात आणि त्यांपैकी सुमारे ५.७ कोटींना त्यापायी उद्भवलेल्या समस्यांसाठी मदतीची गरज आहे. दारूवाचून ज्यांचे चालतच नाही अशा ३८ जणांपैकी केवळ एकाला कोणता ना कोणता उपचार मिळाला होता. दाखल होऊन उपचार मिळाला तो १८० जणांत एकाला.

प्रत्येक व्यसनी माणसाला दाखल करावेच लागते असे नाही. पुष्कळांना बाह्यरुग्ण विभागातील तपासणी, औषधे व समुपदेशन पुरेसे होते. निवासी उपचार हवा असतो तो पूर्वी दारू थांबविताना झटके आलेल्यास, सोबत यकृताचा वा मनाचा आजार असलेल्यास, आत्महत्येचे विचार बोलून दाखविणाऱ्यास, बाहेर राहून केलेले प्रयत्न वारंवार फसलेल्यास, किंवा ज्याच्या घराच्या भिंतीपलीकडेच गुत्ता आहे अशास.

पहिला आठवडा

दाखल झाल्यावरचे पहिले काही दिवस शरीराचे असतात. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारूशी जुळवून घेऊन चाललेला असतो. ती एकाएकी थांबली की सहा ते बारा तासांत हात थरथरू लागतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, माणसे ओळखू येत नाहीत, ताप चढतो. या अवस्थेत उपचार न मिळाल्यास मृत्यू ओढवू शकतो. केंद्रातील डॉक्टर मेंदूला शांत करणारी औषधे प्रथम पुरेशा मात्रेत देतात व दररोज उतरवीत नेतात. बरोबर 'ब१' जीवनसत्त्व देतात. कारण त्याच्या अभावी स्मरणशक्तीला कायमची इजा पोचण्याचा धोका असतो.

हे तपशिलाने सांगण्याचे कारण असे की, "सोडायची तर एका झटक्यात" हा सल्ला गावोगाव फार सढळ हाताने दिला जातो. चार माणसे धरून त्याला खोलीत कोंडतात आणि बाहेरून कडी घालतात. हेतू चांगला असतो, परंतु तिसऱ्या रात्री तो बडबडू लागला की त्याला भूतबाधा समजून भगताकडे नेले जाते आणि रुग्णालयात न्यावयाची वेळ हातची जाते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे दारूची दुकाने अचानक बंद झाली, तेव्हा या अवस्थेतील रुग्ण रुग्णालयांत येऊ लागल्याचे डॉक्टरांनी नोंदविले आहे. गावात दारूबंदीचा ठराव अमलात आणताना रोज पिणाऱ्यांची माहिती आधी प्राथमिक आरोग्य केंद्रास कळविणे, हे ठरावाइतकेच महत्त्वाचे काम आहे असे मला वाटते.

गर्द, अफू यांची तऱ्हा निराळी. ती थांबविल्यावर अंगदुखी, उलट्या, जुलाब, तगमग यांनी माणूस हैराण होतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास शिगेला पोचतो व आठ-दहा दिवसांत ओसरतो. अंगातील पाणी कमी होऊ न दिल्यास सहसा जीवावर बेतत नाही. खरा धोका पुढे असतो, त्याचा उल्लेख नंतर येईल.

खऱ्या उपचाराला आरंभ

आठवड्याभरात रुग्णाला भूक लागते, चेहरा टवटवीत होतो, आणि नेमके याच वेळी नातेवाईक म्हणतात, "आता बरा झाला, घरी नेतो." वास्तविक उपचाराला आरंभ आता व्हायचा असतो.

याचे आपल्या राज्यातील परिचित उदाहरण म्हणजे पुण्याच्या येरवडा भागातील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र. डॉ. अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनावर केलेले लेखन वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांनी आर्थिक साहाय्य देऊ केले. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट यांनी ही जबाबदारी अंगावर घेतली आणि १९८६ मध्ये केंद्र सुरू झाले. तेथील निवासी उपचार सुमारे ३५ दिवसांचा असतो. दिवस प्रार्थना व योगासनांनी उगवतो. पुढे व्याख्यान, गटचर्चा, समुपदेशन, खेळ यांची वेळ ठरलेली असते. झाडलोट आणि स्वयंपाकघरातील कामे यांत रुग्णांचा हात असतो. हे काम मनुष्यबळ वाचविण्यासाठी नसते. वर्षानुवर्षे सकाळ-संध्याकाळचा हिशेब हरवलेल्या माणसाला ठरल्या वेळी उठून ठरलेले काम पुरे करण्याची सवय पुन्हा लावायची असते, आणि ती व्याख्यानाने लागत नाही.

गटचर्चेचे महत्त्व बाहेरच्यास चटकन पटत नाही. "मी ठरविले तर केव्हाही सोडीन," हे वाक्य डॉक्टरांपुढे खपून जाते, पण तेच वाक्य स्वतः वीस वर्षे उच्चारलेल्या माणसांच्या वर्तुळात खपत नाही. म्हणूनच व्यसनातून बाहेर पडलेली माणसे केंद्रात कार्यकर्ते म्हणून काम करतात. एका व्यसनग्रस्ताने दुसऱ्याला आधार द्यावा, ही कल्पना १९३५ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संघटनेची. तिचे काम आपल्या देशात १९५७ पासून चालू आहे. आयुष्यभराची शपथ न घेता आजचा एक दिवस दारूविना काढावयाचा, हा तिचा धडा.

गटात आणखी एक साधी गोष्ट शिकविली जाते. पगाराचा दिवस, लग्नाची वरात, गावची जत्रा, बायकोशी झालेले भांडण यांपैकी आपली घसरण कोठून सुरू होते हे ज्याने त्याने शोधावयाचे, आणि "एका घोटाने काय होतंय, दादा?" म्हणणाऱ्या मित्राला काय उत्तर द्यायचे त्याची चक्क तालीम करावयाची. हसू येईल, पण ऐन वेळी उपयोगी पडते ती ही तालीम.

घरच्या माणसांचाही उपचार असतो. पत्नी देणी फेडते, "ताप आला आहे" म्हणून कामावर निरोप धाडते, मुलांपासून लपवाछपवी करते. तिने केलेली ही सांभाळणूकच नकळत व्यसनाला टेकू देते. मात्र त्यासाठी तिला दोष देणे अन्यायाचे होईल. मुक्तांगणातील 'सहचरी' या गटात अशा पत्नी एकत्र बसून आपले मन मोकळे करतात.

केंद्र निवडताना

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ प्रमाणे दारू व मादक पदार्थांच्या गैरवापराशी संबंधित मनोविकार मानसिक आजारांत मोडतात. सबब असे रुग्ण दाखल करून घेणाऱ्या केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी हवी. रुग्णाला साखळीने बांधणे या कायद्याने निषिद्ध आहे. रुग्ण स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल, तर नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून व तज्ज्ञांच्या तपासणीनंतर त्याला दाखल करता येते, परंतु ते प्रथम तीस दिवसांपुरतेच. 'शिस्त लावतो' असे सांगून मारहाण करणारी, महिनोन् महिने नातेवाइकांना भेटू न देणारी ठिकाणे व्यसनमुक्ती केंद्र या नावास पात्र नाहीत. चौकशी करताना तीन प्रश्न पुरेत : नोंदणीपत्र दाखवा, डॉक्टर केव्हा येतात, आणि घरी गेल्यानंतर पाठपुरावा कसा करता?

'रुग्णाला न कळत' दारू सोडविणाऱ्या पुड्यांविषयीही सावध असावे. डायसल्फिराम हे औषध घेतलेल्याने दारू प्यायल्यास रक्तदाब घसरून प्राणावर बेतू शकते. हे औषध तज्ज्ञ डॉक्टर रुग्णाच्या संमतीनेच देतात. ते चोरून चहात कालविणे म्हणजे विषाशी खेळ आहे.

परतल्यानंतर

केंद्रातून आलेला माणूस पुन्हा घसरू शकतो. मधुमेही माणसाची साखर वाढली म्हणून आपण त्याला हिणवीत नाही. येथेही तीच दृष्टी ठेवून त्याला लगेच केंद्राकडे परत धाडावे. गर्द घेणाऱ्याबाबत तर क्षणाचाही विलंब नको. काही आठवडे पदार्थ न घेतल्याने शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, आणि पूर्वीचीच मात्रा घेतली तर श्वास बंद पडतो. पाठीमागे सांगितलेला धोका तो हाच.

अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या अधिनियमातील कलम ६४-अ गावपातळीवर फारसे कोणास ठाऊक नसते. अल्प प्रमाणातील पदार्थाच्या गुन्ह्यात सापडलेली व्यसनी व्यक्ती मान्यताप्राप्त संस्थेत स्वेच्छेने उपचार घेत असल्यास तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेतले जाते. पोलिसांच्या भीतीने मुलाला लपवून ठेवणाऱ्या पालकांना हे आवर्जून सांगावे. केंद्र शासनाचा १४४४६ हा दूरध्वनी क्रमांक मार्गदर्शनासाठी निःशुल्क उपलब्ध आहे.

परतलेल्या माणसाला पहिल्या महिन्यात काम मिळवून द्यावे, मात्र जमल्यास मजुरी काही दिवस घरच्यांच्या हाती, त्याच्या संमतीने, द्यावी. पाठपुराव्याची तारीख त्याच्या बरोबरीने आणखी एकाने लिहून ठेवावी आणि त्या दिवशी एस.टी.त त्याच्या शेजारी बसून जावे.