ओझोन वायूची परीक्षा

आयोडीनच्या थेंबानें भाताची पेज निळी होते, हें आमच्या विद्यार्थी वाचकांनीं पाहिलेंच असेल. ओझोन वायु ओळखण्याची जुनी रीति याच रंगावर आधारलेली आहे. त्याच्या रेणूंत प्राणवायूचे तीन अणु असतात. पैकीं एक केव्हां निघून जाईल याचा नेम नसतो. पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणांत तो अणु खर्ची पडतो, आयोडीन मोकळें होतें, आणि खळ लावलेला कागद निळा पडतो.

भारतीय हवामानखात्यानें पुण्याहून सोडलेल्या फुग्यांबरोबर हीच क्रिया आकाशांत गेली. फुग्याखालील चिमुकला पंप बाहेरची हवा त्या द्रावणांत सोडतो. रंगाऐवजीं तेथें विजेचा क्षीण प्रवाह मोजतात, व बिनतारी यंत्र तो आंकडा खालीं धाडतें. एवढ्या साध्या सामग्रीनें वीस-पंचवीस किलोमीटर उंचीवरील हवेची झडती घेतां यावी, याचें आम्हांस मोठें कौतुक वाटतें.

सूर्याचे घातक अतिनील किरण अडविणारा वायु तो हाच. तो घटला तर आपल्या कातडीची व डोळ्यांची धडगत नाहीं. क्लोरीनचा एक अणु ओझोनचे हजारों रेणु मोडूनही पुन्हा मोकळा राहतो. प्रयोगशाळेंत मोजलेल्या अशा क्रियांच्या वेगावरून मोलिना व रोलंड यांनीं १९७४ मध्यें शीतपेट्यांतील वायूंविषयीं सावध केलें. १९८५ मध्यें अंटार्क्टिकावरील ओझोनची घट उघडकीस आली, व १९८७ मध्यें माँट्रिऑल येथें ते वायु कमी करण्याचा करार झाला.

इतर ग्रहांची हवा पारखण्यासही प्रयोगशाळाच उपयोगी पडते. शुक्रावर पुण्याचा फुगा पोंचत नाहीं. तेथील विरळ ओझोनचा शोध २०११ मध्यें जाहीर झाला, तो यानानें पाहिलेल्या ताऱ्यांच्या प्रकाशावरून. त्या प्रकाशांतील कांहीं अतिनील किरण गाळले गेले होते. आणि ते कोणता वायु गाळतो, हें पृथ्वीवरील बंद नळींत आधींच मोजून ठेवलेलें होतें.