‘काय ऐकलंस, सांग बरं!’

पालकहो, आज तुमच्याशी बोलायचंय ते चीनमधल्या अकरावी-बारावीच्या मुलांविषयी, आणि खरं तर त्यांच्या आईवडिलांविषयी. मुलाच्या इंग्रजीचा विषय निघाला की आपल्यातले पुष्कळ जण मागे सरतात. “आम्हाला त्यातलं काय कळतंय? क्लासवाले बघतील,” असं म्हणून फी भरतात आणि गप्प बसतात. चीनमधल्या लाखो घरांत हेच घडतं. तिथली इंग्रजीची परीक्षा आपल्यापेक्षा कडक, त्यामुळे आईवडिलांची घालमेलही मोठी. पण ज्या पालकाला स्वतःला इंग्रजी येत नाही, त्यालाही मुलाचा हात धरता येतो, असं माझं ठाम मत आहे. कसा, ते त्या परीक्षेकडे नीट पाहिलं की कळतं.

दर वर्षी जूनच्या ७ तारखेला चीनमध्ये ‘गाओकाओ’ सुरू होते. शाळेचं शिक्षण संपवून विद्यापीठात जाण्याची ही परीक्षा. २०२४ मध्ये तिला सुमारे १ कोटी ३४ लाख मुलांनी नाव नोंदवलं होतं. एकूण गुण ७५०, त्यातले १५० इंग्रजीचे, म्हणजे चिनी भाषा आणि गणित यांच्या बरोबरीचे. ८ जूनला दुपारी तीन वाजता इंग्रजीचा पेपर सुरू होतो, आणि बहुतेक प्रांतांत त्याची पहिली साधारण वीस मिनिटं नुसती ऐकण्याची असतात. परीक्षाकेंद्रांभोवती गाड्यांना हॉर्न वाजवायला बंदी असते, जवळची बांधकामं थांबवली जातात. एवढ्या मोठ्या देशात मुलांना चार वाक्यं नीट ऐकू यावीत म्हणून रस्ते गप्प केले जातात, याचं मला फार कौतुक वाटतं.

ऐकण्याचे प्रश्न वीस, गुण तीस. सुरुवातीला पाच छोटे संवाद, तेही एकदाच ऐकवतात. मग पाच लांब संवाद किंवा निवेदनं, ती दोनदा. छोटा संवाद संपला की उत्तर लिहायला आणि पुढचा प्रश्न वाचायला मिळून दहा सेकंद. सगळ्याआधी एक नमुना प्रश्न वाजतो. दुकानात शर्टाची किंमत विचारली जाते, आणि उत्तर असतं नऊ पौंड पंधरा पेन्स. वर्षानुवर्षं तोच शर्ट आणि तीच किंमत! चीनमधल्या कुठल्याही कॉलेजच्या मुलाला झोपेतून उठवून विचारा, तो ही किंमत बरोबर सांगेल. का, तर ती त्याने शेकडो वेळा ऐकलेली असते. या साध्या गोष्टीत सरावाचं अर्धं मर्म आहे, त्याकडे पुढे येते.

हे संवाद वरवर सोपे वाटतात. समजा, बाई विचारते, “सिनेमा सातला आहे ना?” पुरुष म्हणतो, “नाही गं, साडेसातला. पण रस्त्यावर गर्दी असेल, सहालाच निघू या.” प्रश्न येतो, ती दोघं घरून किती वाजता निघणार? पर्यायांत सहा, सात, साडेसात हे तिन्ही आकडे असतात आणि मुलाच्या कानावर तिन्ही पडलेले असतात. ज्याने नुसते आकडे टिपले तो फसतो. ज्याच्या डोळ्यांसमोर ती दोन माणसं उभी राहिली, सिनेमाला जायची घाई उभी राहिली, तो फसत नाही.

मुलाचं उत्तर चुकलं की आपण म्हणतो, “लक्ष नव्हतं तुझं.” हे बहुतेक वेळा खोटं असतं, खरी कारणं तीन असतात. एक तर मुलाला तो आवाजच ओळखता आलेला नसतो. चिनी मुलांना हे फार जड जातं, कारण त्यांच्या प्रमाण भाषेतल्या अक्षरांचा शेवट एक तर स्वराने होतो नाही तर अनुनासिकाने. ट, ड, क, प यांसारख्या व्यंजनावर शब्द संपायची सवय त्यांच्या कानाला नाही. इंग्रजीत तर असे शब्द पावलोपावली, आणि बोलण्याच्या ओघात ती शेवटची व्यंजनं पुढच्या शब्दाला चिकटतात. मुलाला कागदावर येणारा शब्द कानाला परका वाटतो तो असा. आपल्या मुलांना इथे थोडी सवलत आहे, मराठीत माठ, भाकर, हिशेब असे शब्द आपण दिवसभर बोलतो. पण ऱ्हस्व-दीर्घ इ-कारातला फरक आपल्या बोलण्यात पुसट झालाय, तिथे आपलीही मुलं अडखळतात. दुसरं, शब्द सगळे ओळखले, पण वाक्य संपेपर्यंत सुरुवात निसटली. आणि तिसरं म्हणजे मूल आधीच्याच प्रश्नात अडकून राहिलं आणि पुढचा संवाद वाजून गेला. या तिन्हींवर उपाय वेगवेगळे आहेत. पहिल्यासाठी तोच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकून शेवटी छापील मजकुराशी ताडून बघायचा. दुसऱ्यासाठी ऐकलेलं आपल्या शब्दांत सांगायचं. तिसऱ्यासाठी सुटलेला प्रश्न सोडून द्यायला शिकायचं. नुसतं “आणखी दहा पेपर सोडव” म्हणणं यातल्या कशावरही चालत नाही.

आता वाचनाचं. त्याला पन्नास गुण. आधी चार उतारे आणि त्यावरचे पंधरा प्रश्न, प्रत्येकी अडीच गुणांचे. मग एक उतारा पाच जागी तुटलेला, आणि खाली दिलेल्या सात वाक्यांतली योग्य पाच त्यात बसवायची. पहिला उतारा बहुधा माहितीपत्रक किंवा जाहिरातीसारखा, दुसरा कुणाच्या तरी अनुभवाचा, पुढचे दोन विज्ञान, समाज, निसर्ग अशा विषयांवरचे. चीनमध्ये गाओकाओचे ३५०० शब्द असं म्हणायची पद्धतच आहे. त्यांच्या वह्या असतात, मोबाइलवर ॲप असतात. पहाटे वर्ग सुरू होण्याआधी मुलं मोठमोठ्याने पाठ करतात. तरीही उतारा समोर आला की गाडी अडते. यादीत शब्दाला एकच अर्थ असतो, उताऱ्यात तोच शब्द वेगळ्या कामाला लावलेला असतो. शब्द यादीत पाठ होतो, पण ओळखीचा होतो तो पुन्हा पुन्हा गोष्टीत भेटल्यावरच.

तिथल्या मुलांच्या बाकावर एक जाडजूड सराव-संच हमखास दिसतो. पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि तीन वर्षांच्या सराव परीक्षा असं त्याचं नावच आहे. आईवडील पानं मोजतात, किती संच झाले, किती उरले. आपल्याकडे काही वेगळं नाही. बारावीच्या शेवटच्या चार-पाच महिन्यांत असा सराव हवाच, वेळेचं गणित त्याशिवाय बसत नाही. पण दहावी-अकरावीच्या मुलाला रोज पेपर सोडवायला लावणं मला मुळीच पटत नाही. पेपर फक्त कुठे चुकलं ते दाखवतो. चूक का झाली हे शोधायला वेळ उरत नाही, कारण दुसरा पेपर वाट बघत असतो.

म्हणून मी पालकांना एकच गोष्ट आग्रहाने सांगते. मुलाला विचारा, “काय ऐकलंस, सांग बरं!” आणि ते त्याला आपल्या भाषेत सांगू द्या.

एक घर डोळ्यांसमोर आणा. हनान प्रांतातलं छोटं शहर. आई नूडल्सचं दुकान चालवते. मुलगा शाळेच्या वसतिगृहात राहतो, रविवारी दुपारपुरता घरी येतो. आईला इंग्रजीचं अक्षर येत नाही. मुलगा मोबाइलवर मिनिटभराचा एक संवाद लावतो आणि बंद करतो. आई भाजी चिरता चिरता विचारते, “कोण बोलत होतं?” तो म्हणतो, “एक मुलगी आणि ग्रंथालयातला माणूस. तिला पुस्तक परत करायला उशीर झालाय.” आई विचारते, “उशीर का झाला?” मुलगा थांबतो. आजारी होती की गावाला गेली होती, त्याला आठवत नाही. तो पुन्हा लावतो. आता तो कारण शोधत ऐकतोय, आणि पहिल्या खेपेला जो शब्द नुसता आवाज होता तो या खेपेला उलगडतो. “पावसात भिजलं म्हणून वाळवत ठेवलं होतं.” आई पुढे म्हणते, “मग दंड घेतला का?” तो तिसऱ्यांदा लावतो.

या बाईने मुलाला काहीच शिकवलं नाही, तरी तिने जे केलं ते चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात शिक्षकाला प्रत्येकासाठी करता येत नाही. तिला गोष्ट ऐकायची होती म्हणून तिने प्रश्न विचारले. एकच ध्वनिफीत तीनदा ऐकली गेली आणि तिन्ही वेळा वेगळ्या कारणासाठी. त्या शर्टाच्या किमतीसारखी ती आता मुलाच्या कानात राहील, आणि अर्थासकट राहील.

काही शिक्षक म्हणतात की इंग्रजी शिकताना मातृभाषा मध्ये आणू नये. बोलायला शिकताना ते बरोबर आहे. पण समजलं की नाही हे तपासायला मातृभाषेइतकं खात्रीचं माप नाही. जे समजलंय ते मूल आपल्या भाषेत घडाघडा सांगतं. जे समजलं नाही तिथे ते इंग्रजी शब्द तसाच उचलून ठेवतं, किंवा “म्हणजे ते काहीतरी…” म्हणून पुढे पळतं. हे पळणं आईला इंग्रजी न येताही कळतं. एवढं मात्र सांभाळा, वाक्यामागून वाक्य भाषांतर नको. पुस्तक मिटायचं, मोबाइल बंद करायचा आणि मग सांगायचं.

वाचनालाही हेच लागू पडतं. उतारा मधमाश्यांवर असेल आणि वडील शेतकरी असतील, तर त्यांना त्या विषयातलं मुलापेक्षा जास्त कळतं. ते म्हणतील, “असं कसं होईल? पोळं असं सुटत नाही.” मग मुलाला परत उताऱ्यात जाऊन लेखकाने नेमकं काय म्हटलंय ते बघावं लागतं. प्रश्नपत्रिकेत ‘लेखकाचं मत काय’, ‘शीर्षक द्या’ असे प्रश्न असतात ना, त्यांची खरी तयारी या वादावादीत होते. घरात वाचायला जे आणाल ते सोपं आणा. चीनमध्ये मुलांसाठी इंग्रजी साप्ताहिकं निघतात, सोप्या केलेल्या गोष्टींची पुस्तकं मिळतात. एका पानात पाच-सहा शब्द अडत असतील तर ते पुस्तक वर्षभराने वाचू द्या.

या मुलांचे आईवडील ज्या पिढीचे आहेत, तिला इंग्रजी वाचता येतं पण बोललेलं कळत नाही, अशी तिथे सर्रास तक्रार असते. प्राथमिक शाळेत तिसरीपासून इंग्रजी आणायचं तिथल्या सरकारने ठरवलं ते २००१ मध्ये. महाराष्ट्रात मराठी शाळांमधून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं २००० मध्ये. त्याआधी आपण पाचवीला एबीसीडी गिरवायला बसलो. तेव्हा मुलासमोर संकोच वाटणं ही या पिढीची दोन्हीकडची गोष्ट आहे, आणि त्या संकोचापायी मुलाचा बोलायचा हक्काचा माणूस जातो. आपल्या बारावीच्या लेखी पेपरात ध्वनिफीत वाजत नाही, म्हणून कानाकडे दुर्लक्ष करू नका. पुढे परदेशी शिकायला जाताना अनेकांना आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. त्यात चाळीस प्रश्न कानाने सोडवायचे असतात आणि प्रत्येक ध्वनिफीत एकदाच ऐकवतात. बाविसाव्या वर्षी तिथे पहिल्यांदा कान टवकारणाऱ्या मुलाची फार ओढाताण होते. तिकडे चीनमध्ये बीजिंगच्या मुलांना ऐकण्या-बोलण्याची पन्नास गुणांची परीक्षा संगणकावर वर्षात दोनदा देता येते आणि त्यातले चांगले गुण धरतात. शांघायमध्ये इंग्रजीचा पेपर जानेवारीत आणि जूनमध्ये असा दोनदा होतो. एका दुपारच्या धाकातून मुलांना थोडं मोकळं करणारी ही सोय मला आवडते.

मोठ्याने वाचणाऱ्या मुलाला कधी गप्प करू नका. जो उच्चार तोंडातून गेलेला असतो तो कान पटकन ओळखतो, त्यामुळे चिनी मुलांचं पहाटेचं ते मोठ्याने पाठ करणंही ऐकण्याच्याच तयारीचा भाग आहे.

आणखी एक. मुलं सराव हेडफोन लावून करतात. परीक्षेत मात्र पुष्कळ ठिकाणी आवाज वर्गातल्या स्पीकरमधून येतो, वर पंखा फिरत असतो, शेजारी कुणी पान उलटत असतं. आठवड्यातून एकदा तरी मोबाइल खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून ऐकू द्या. तसं ऐकताना मूल सारखं पुढे झुकत असेल, एका बाजूचा कान वळवत असेल, मातृभाषेतलंही “काय?” म्हणून पुन्हा विचारत असेल, तर इंग्रजीचा क्लास बदलण्याआधी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन या.