औषध आणि आतड्यातील पहारेकरी

गोळी गिळली की तिच्यातील सारे औषध रक्तात मिसळते, अशी आमचीही पुष्कळ दिवस समजूत होती. ती खरी नव्हे. आतड्याच्या अस्तरातील पेशींत परक्या द्रव्यांचे विघटन करणारी विकरे पहाऱ्यावर असतात. फेलोडिपीन हे रक्तदाबावरील औषध घ्या. आतड्यात ते जवळजवळ पूर्ण शोषले जाते. परंतु आतड्याच्या भिंतीत व पुढे यकृतात त्याचे इतके विघटन होते की, शेकडा १५ च्या आसपासच भाग रक्ताभिसरणात पोहोचतो. ही तूट हिशेबात धरूनच गोळीची मात्रा ठरलेली असते.

पहारा उठला तर? कॅनडातील डेव्हिड बेली व त्यांचे सहकारी या औषधावर मद्याचा परिणाम तपासत होते. मद्याची चव झाकण्यासाठी त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस योजला, आणि रक्तातील औषध अपेक्षेहून कितीतरी वाढले. करणी रसाची होती! १९८९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रसातील फ्युरानोकुमरिन द्रव्ये आतड्यातील विकर कायमचे निकामी करतात. नवे तयार होण्यास एक दिवस, कधी अधिकही लागतो. म्हणून सकाळी फळ व रात्री गोळी, ही युक्ती येथे चालत नाही. रक्तदाब फार उतरून घेरी येण्याचा संभव राहतोच.

ग्रेपफ्रूट आपल्याकडे विरळा. पण त्याच्या जनकांपैकी एक म्हणजे आपण चतुर्थीच्या माटोळीला बांधतो ते पपनस! त्यातही ही द्रव्ये असतात. सर्वच औषधांना ही बाधा नाही. तरी आजोबांना पपनसाच्या फोडी देण्यापूर्वी त्यांच्या गोळीविषयी डॉक्टरांना विचारून घ्यावे. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये.