दहापैकी चार म्हणजे नेमकं काय?

श्रुतलेखनाची वही तपासून खाली ‘१० पैकी ४’ लिहिलं आणि चुकलेले शब्द पाच-पाच वेळा लिहून आणायला सांगितलं, की आपलं काम झालं असं पुष्कळ शाळांत धरलं जातं. माझा आक्षेप नेमका याला आहे. दौंड तालुक्यातल्या पाटसच्या एखाद्या शाळेतल्या चौथीच्या दोन मुलांना दहा शब्द घातले आणि दोघांचेही सहा चुकले असं समजा. पहिल्यानं लिहिलं: पूस्तक, फुल, गरीबाला, सुर्य, मुर्ती, पानी. दुसऱ्यानं लिहिलं: पुसतक, परकाश, चदर, सुरय, मुरती, फुल. गुण सारखेच, पण ही दोन मुलं शिकण्याच्या दोन वेगळ्या टप्प्यांवर आहेत. पहिल्याचं एकही जोडाक्षर चुकलेलं नाही. त्याची अडचण मुख्यतः ऱ्हस्व-दीर्घाची आहे. दुसऱ्याला जोडाक्षर आणि रफारच अजून जमलेला नाही, अनुस्वारही निसटतो. दोघांना एकच गृहपाठ दिला तर पहिल्याच्या हाती फारसं काही लागणार नाही, आणि दुसऱ्याला जे पेलत नाही तेच पुन्हा गिरवावं लागेल. पिट कॉर्डर या ब्रिटिश भाषातज्ज्ञानं १९६७ साली मांडलं होतं, की शिकणाऱ्याची चूक म्हणजे त्याच्या मनात त्या घडीला कोणता नियम चालू आहे याचा पुरावा. ‘परकाश’ लिहिणाऱ्यानं एकही आवाज गाळलेला नाही; ते आवाज जोडून कसे लिहायचे, तेवढंच त्याला सांगायचं राहिलं आहे.

ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत ‘नीट ऐक आणि लिही’ हा सल्ला तर फसवाच आहे. मराठी बोलताना शब्दाच्या शेवटचा इ आखूड की लांब, हे कानाला कळत नाही. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२चे चौदा आणि १९७२ची भर धरून अठरा नियम म्हणूनच लागतात, आणि ते पाठ करून घेण्यापेक्षा शब्दांतून दाखवता येतात. फूल-फुलाला, गरीब-गरिबाला, खीर-खिरीला अशा शब्दपट्ट्या मुलाच्या पुढ्यात टाकून दोन ढीग करायला सांगावेत. प्रत्यय लागला की दीर्घाचा ऱ्हस्व होतो हे त्याचं त्यालाच सापडतं. सूर्य, मूर्ती हे संस्कृतातून आलेले शब्द त्या ढिगांत मिसळू नयेत. त्यांची घराणी वेगळी दाखवावीत: सूर्य, सूर्योदय, सूर्यफूल. ‘सुरय’ लिहिणाऱ्याशी मात्र सध्या ऱ्हस्व-दीर्घाबद्दल बोलूच नये. त्याला आधी रफार द्यावा.

आणखी एक सावधगिरी दौंडच्या भागात फार गरजेची आहे. ‘पानी’, ‘इहीर’, ‘व्हतं’ असं लिहिणारं मूल घरी जे ऐकतं ते इमानानं उतरवतं. त्यावर लाल काट मारणं म्हणजे त्याच्या आईच्या बोलण्यावर काट मारणं. घरचा शब्द आणि पुस्तकातला शब्द शेजारी-शेजारी लिहावेत, दोन्ही वाचून घ्यावेत. दौंड तालुक्यातल्या गुऱ्हाळांवर उत्तरेकडून आलेली कुटुंबंही आहेत. तिथलं मूल ‘मूर्ति’, ‘कवि’ लिहितं तेव्हा ते हिंदीत बरोबरच लिहीत असतं. लिपी एक असली तरी रीत वेगळी, एवढं सांगितलं की पुरे.

यावर पहिली हरकत येते ती वेळेची: एक शिक्षक, दोन वर्ग, वर माहिती भरण्याचं काम. हरकत खरी आहे. पण इथे प्रत्येक मुलासाठी वेगळा धडा लिहायचा नाही. कागदाचा एक ताव घ्यावा, डावीकडे नावं आणि वर चुकांचे प्रकार लिहावेत: काना-मात्रा, अनुस्वार, जोडाक्षर, रफार, न-ण, ऱ्हस्व-दीर्घ. वही तपासताना तिथेच खुणा केल्या की बहुधा तीन-चार गट आपोआप दिसतात, आणि रोजची पंधरा मिनिटं कुणाला काय द्यायचं ते ठरतं. दुसरी हरकत अशी, की गट पाडले की मुलांवर शिक्का बसतो. बसतो, गट वर्षभर तेच ठेवले आणि त्यांना हुशार-कच्चे म्हटलं तर. म्हणून गटाला चुकीच्या प्रकाराचं नाव असावं आणि महिन्या-दीड महिन्यानं नव्या शब्दांवर पुन्हा पाहून गट बदलावेत. शब्द तेच ठेवले तर फक्त पाठांतर मोजलं जाईल. ‘अर्थ कळला ना, मग झालं’ असंही काही जण म्हणतात. मुलाच्या मनातलं लिहून घेताना मीही तेच म्हणेन. तिथे प्रत्येक चूक धरली तर मूल येणारे तेवढेच शब्द वापरू लागतं. शब्दांच्या तासाला मात्र हे म्हणणं चालणार नाही, कारण ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत अर्थच बदलतो.

या खुणांच्या कागदाचा सगळ्यात जास्त उपयोग व्हायला हवा तो ऊसतोड कामगारांच्या मुलांना. भीमा साखर कारखान्याच्या परिसरात ती हंगामापुरती येतात आणि हंगाम संपून पट्टा पडला की बीडकडच्या गावी परततात. दोन्हीकडचा शिक्षक पुन्हा ‘क’पासून सुरुवात करतो, कारण मुलाला काय येतं हे त्याला कुणी कळवलेलं नसतं. शाळा सोडून जाताना मुलाच्या कागदपत्रांत ‘जोडाक्षर येतं, रफार चालू आहे, अनुस्वार सुटतो’ एवढी ओळ घातली, तर बीडकडच्या शिक्षकाला पुढचा धडा कुठून घ्यायचा ते पहिल्याच दिवशी कळेल.