गड–कर्लीकाठची चिकणमाती : गुणधर्म आणि जोपासना

सिंधुदुर्ग जिल्ह्याची भूमी म्हटली की सर्वसाधारणपणे डोळ्यांसमोर येतो तो तांबडा जांभा दगड, त्यावरील उघडा कातळ आणि उतारावरील आंबा-काजूच्या बागा. परंतु मालवण तालुक्यातील घराघरांत शिजणारा भात या तांबड्या सड्यावर पिकत नाही. तो पिकतो नद्यांच्या काठी, सखल आणि सपाट मळ्यांत. सह्याद्रीतून येणारी गड नदी मसुरे-बांदिवडे परिसरातून वाहत जाऊन कालावल खाडीने समुद्रास मिळते, तर दक्षिणेस कर्ली नदी देवबागजवळ सागरात विलीन होते. या दोन नद्यांनी आपल्या काठी शतकानुशतके साचवलेली चिकणमाती हे तालुक्याचे खरे धान्यकोठार होय. तिचे क्षेत्र मर्यादित आहे. म्हणूनच तिचे गुणधर्म शेतकऱ्यांप्रमाणेच शिक्षक, ग्रामसेवक आणि पंचायत सदस्य यांनीही नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

मातीची घडण

पावसाळ्यात नदी डोंगरउतारावरची माती घेऊन येते. पुराचे पाणी पात्राबाहेर पसरले की त्याचा वेग मंदावतो. प्रथम जड वाळू काठालगतच पडते, त्यापुढे पोयटा बसतो आणि सर्वांत सूक्ष्म असे चिकणमातीचे कण पाणी जेथे संथपणे साचून राहते तेथे, म्हणजे काठापासून दूरच्या सखल भागात बसतात. यामुळे एकाच मळ्यात नदीकडील कुणगे रेताड आणि आतील कुणगे चिकण असे आढळते. कालांतराने नदी आपले पात्र खोल करते. तेव्हा जुना पूरप्रदेश उंच राहतो व काठाला पायऱ्यांसारखी रचना प्राप्त होते. वरच्या पायरीवरील माती जुनी, अधिक धुपलेली व तांबूस असते, तर खालच्या पायरीवरील माती नवी, करड्या रंगाची व ओलसर असते.

खाडीच्या भागात आणखी एक क्रिया घडते. गोड्या पाण्यात तरंगत राहणारे चिकणमातीचे कण खाऱ्या पाण्याशी संयोग होताच एकमेकांस चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात. खाडीकाठचा चिखल इतका दाट का असतो याचे हे एक प्रमुख कारण आहे.

काळी माती व ही माती

ज्या कणांचा व्यास 0.002 मिलिमीटरपेक्षा कमी असतो त्यांस चिकणमातीचे कण म्हणतात. मातीत अशा कणांचे प्रमाण सुमारे 40 टक्के किंवा त्याहून अधिक असल्यास ती चिकण जमीन समजली जाते. मात्र सर्व चिकणमाती सारखी नसते. देशावरील काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात. जांभ्याच्या प्रदेशातून वाहून आलेल्या मातीत केओलिनाइट या न फुगणाऱ्या खनिजाचा आणि लोहाच्या ऑक्साइडांचा भरणा असतो. ही माती भेगाळते, पण काळ्या मातीइतकी नव्हे.

या भेदाचे व्यावहारिक परिणाम मोठे आहेत. काळ्या मातीच्या खनिजाची अन्नद्रव्ये धरून ठेवण्याची शक्ती केओलिनाइटच्या कितीतरी पट अधिक असते. कोकणातील चिकणमाती हातास जड लागली, तरी तिची अन्नद्रव्यांची गाठोडी लहानच असते. ही उणीव सेंद्रिय पदार्थ भरून काढतात. शेणखत, गिरीपुष्पाचा पाला व धैंचा यांचे मोल येथे त्यामुळेच विशेष आहे. शिवाय या आम्लधर्मी मातीतील लोह व ॲल्युमिनियम स्फुरदास बांधून ठेवतात आणि दिलेल्या खताचा बराचसा भाग पिकास मिळत नाही.

भातासाठी अनुकूल का?

जे दोष अन्य पिकांना बाधक ठरतात, तेच भातास उपकारक होतात. चिखलणी केली असता मातीतील पोकळ्या बुजतात, पाणी झिरपणे मंदावते आणि कुणग्यात पाणी उभे राहते. पाणी साचून राहिल्यावर मातीची आम्लता कमी होऊन ती उदासीनतेकडे झुकते आणि बांधलेल्या स्फुरदाचा काही अंश मोकळा होतो. नत्र मात्र पाण्यावर फेकल्यास हवेत उडून वा वाहून जाते. याकरिता चारसूत्री भातलागवडीत 2.7 ग्रॅम वजनाच्या युरिया-डीएपी ब्रिकेट चार चुडांच्या मधोमध 7 ते 10 सेंटिमीटर खोल खोचल्या जातात. खोल थरातील चिकणमाती ते नत्र धरून ठेवते व पिकास हळूहळू पुरवते. रेताड कुणग्यात हा लाभ तितका मिळत नाही.

भात कापल्यावर याच मातीत राहिलेल्या ओलीवर कुळीथ, चवळी यांसारखी पिके येतात आणि जेथे ओहोळाचे किंवा तलावाचे पाणी मिळते तेथे वायंगणी भातही घेतला जातो. येथे वेळेला फार महत्त्व आहे. माती ओली असताना नांगरल्यास तिची दगडासारखी ढेकळे होतात, तर पूर्ण वाळल्यावर नांगर शिरत नाही. वाफशाचे दिवस थोडेच असतात व ते साधता आले पाहिजेत.

खाऱ्या पाण्याचा धोका

या मातीचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे खारे पाणी. भरतीचे पाणी बांध फोडून मळ्यात शिरले, की चिकणमाती क्षारही तितक्याच घट्टपणे धरते. रेताड जमिनीतून क्षार लवकर धुऊन जातात. चिकण जमिनीत त्यास अनेक पावसाळे लागू शकतात. पावसाळ्यात क्षार खाली दबतात आणि हिवाळा-उन्हाळ्यात पाण्याचे बाष्पीभवन होताना ते पुन्हा वर येतात. सोडियम कणांना चिकटून राहिल्यास मातीची घडण मोडते, पाणी मुरत नाही आणि वर कठीण पापुद्रा धरतो.

कोकणात पाऊस विपुल असल्याने क्षार धुण्याचे साधन निसर्गानेच दिले आहे. अट इतकीच की खारे पाणी आत येता कामा नये आणि पावसाचे पाणी बाहेर पडता आले पाहिजे. हे दुहेरी कार्य बांध आणि त्यातील उघाडी करतात. ओहोटीच्या वेळी उघाडीतून मळ्यातील पाणी निघून जाते व भरतीच्या वेळी तिचे दार मिटते. बांधाचे रक्षण ही एकट्या शेतकऱ्याची बाब नाही, हे जाणून 1948 मध्ये मुंबई प्रांतात खार जमिनींविषयी कायदा झाला आणि पुढे 1979 चा महाराष्ट्र खार जमीन विकास अधिनियम आला. 1972 मध्ये स्थापन झालेल्या दापोली येथील कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खार जमीन संशोधन केंद्राने पनवेल-1, पनवेल-2, पनवेल-3 अशा क्षार सहन करणाऱ्या भातजाती दिल्या आहेत. तथापि कोणतीही जात फुटलेल्या बांधास पर्याय होऊ शकत नाही.

परीक्षण आणि शाळेतील प्रयोग

माती ओळखण्यास प्रयोगशाळाच हवी असे नाही. ओलसर मातीचा गोळा करून तो अंगठा व तर्जनी यांमध्ये दाबत पट्टी काढावी. पट्टी लांब निघाली तर माती चिकण, लगेच तुटली तर रेताड. शाळेत काचेच्या बाटलीत माती व पाणी घालून हलवल्यास वाळू मिनिटाभरात, पोयटा काही तासांत बसतो व चिकणमाती दिवस उलटला तरी पाणी गढूळ ठेवते. अशाच दुसऱ्या बाटलीत चमचाभर मीठ टाकल्यास ते पाणी लवकर निवळते. खाडीमुखाशी जे घडते तेच विद्यार्थ्यांस डोळ्यांनी दिसते.

खतांच्या मात्रेसाठी मात्र परीक्षण आवश्यक आहे. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी 15 ते 20 सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती घ्यावी, एकत्र मिसळावी व चार भाग पाडून समोरासमोरचे दोन टाकत अर्धा किलो नमुना उरवावा. रेताड व चिकण कुणग्यांचे नमुने एकत्र करू नयेत. खाडीलगतच्या शेताचा नमुना एप्रिल-मे महिन्यांतही घ्यावा, कारण तेव्हा क्षार सर्वाधिक वर आलेले असतात. 2015 पासून मृद् आरोग्य पत्रिकेत सामू, क्षारता व अन्नद्रव्ये यांची नोंद मिळते. आम्ल जमिनीस चुना व सोडियमयुक्त जमिनीस जिप्सम हे उपाय वेगवेगळे आहेत. परीक्षणावाचून एकाच्या जागी दुसरा वापरल्यास खर्च वाया जातो.

पंचायतीचे कर्तव्य

संविधानाच्या 73 व्या दुरुस्तीने 1993 मध्ये अकरावी अनुसूची अमलात आली. तीत शेती, जमीन सुधारणा व मृद्संधारण आणि लघुसिंचन व पाणी व्यवस्थापन हे विषय आरंभीच येतात. या दृष्टीने पावसाळ्यापूर्वी बांध व उघाडी यांची पाहणी, ओहोळातील गाळ काढणे, पडीक कुणग्यांच्या मेरा सांभाळणे आणि मळ्यात भराव टाकण्याच्या प्रस्तावांचा काटेकोर विचार ही कामे पंचायतीने आपल्या नियमित कामकाजात घ्यावीत. एक कुणगा पडीक राहिला व त्याची मेर ढासळली, की शेजारच्या कुणग्याचे पाणी उतरते. एका जागी फुटलेला बांध संपूर्ण मळा खारवतो.

जांभ्याच्या डोंगरावर झीज होत होत, पुरामागून पुराने ही माती कणाकणाने खाली आली आहे. सडा फोडून घर बांधता येते, पण मळा बुजवल्यावर तो पुन्हा घडवता येत नाही. आज मालवणच्या मळ्यांत जी चिकणमाती आहे, ती तितकीच आहे. तिची जोपासना हा गावाच्या अन्नाचा प्रश्न आहे.